सातवा खांब

आमच्या दादाला सगळे 'ओळंबा' म्हणतात, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला सोडतो त्या दोरीवरून. शेतांना कुंपणं घालणं हा त्याचा धंदा. ट्रॅक्टरच्या मागे खांब ठोकायचं यंत्र जोडलेलं असतं. तो दांडा ओढतो, लोखंडी घण वर जातो, धाडकन खाली येतो आणि मांडीएवढा जाड लाकडी खांब सात-आठ घावांत गुडघाभर जमिनीत शिरतो. आवाज असा की कानठळ्या बसाव्यात. त्यामुळे या कामात बोलणं नाहीच. एक माणूस यंत्रापाशी आणि दुसरा ओळीच्या टोकाला, एक डोळा मिटून. डावा हात वर केला की खांब डावीकडे, उजवा केला की उजवीकडे, दोन्ही खाली आले की ठोक.

टोकाला तीस वर्षं वहिनी उभी राहिली. बोटभर फरकही तिला खपायचा नाही. यंत्र बंद झालं की कमरेवर हात ठेवून यायची. "अहो, हा खांब आहे की जेवून आडवा झालेला पाहुणा? काढा आधी तो." नाकावर माशी बसू न देणारा आमचा दादा कुरकुरत साखळी बांधायचा, खांब उपटायचा आणि पुन्हा ठोकायचा.

दोन वर्षांपूर्वी ती विमानाने लेकीच्या बाळंतपणाला गेली, सहा महिन्यांसाठी. जुळ्या मुली झाल्या. सहाचे बारा महिने झाले, मग आम्ही विचारायचं सोडलं.

तेव्हापासून टोकाला मी असते. मी कपडे शिवते, सरळ रेघ मला कळते. पण दादाचा माझ्यावर काडीचा भरवसा नाही. मी हात वर केला की हा यंत्र बंद करणार, तणतणत टोकापर्यंत येणार, मला बाजूला सारणार आणि स्वतः डोळा मिटून बघणार. "तुला कापड कळतं, तेवढं पुरे," म्हणतो. मी भांडते, पण ती जागा कुणासाठी राखून ठेवलीय ते मला ठाऊक आहे.

परवा चाळीस खांबांची ओळ घातली. सातवा खांब चांगला वीतभर बाहेर होता. मी हात हलवले, घसा फोडून ओरडले. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि तो तसाच ठोकला. ओळ संपल्यावर मी तरातरा गेले.

"दादा, डोळे आहेत की भोकं?"

"असू दे."

त्याने टोकाला जाऊन, गुडघ्यावर बसून ओळीचा फोटो काढला आणि वहिनीला पाठवला.

"आता बघ. तिला राहवायचं नाही. तिथून विमानात बसेल खांब काढायला," तो म्हणाला आणि पोरासारखा हसला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'परत ये' म्हणायला जीभ उचलत नाही, म्हणून या वेड्याने आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडा खांब ठोकला होता. मला त्याची इतकी दया आली की रागच आला.

जरा वेळाने फोन वाजला. यंत्राने त्याचे कान अर्धे नेलेत, म्हणून तो स्पीकर लावतो. पलीकडे पोरी रडत होत्या.

"अहो, मिळाला फोटो. छान झालंय. सगळे कसे एका ओळीत!"

"नीट बघितलंस?"

"बघितलं ना. थांबा, हिने दूध सांडलं. ठेवते हं."

दादाने फोन खिशात टाकला.

"घाईत होती रे," मी म्हणाले.

"हो ना."

त्याने साखळी आणली आणि सातवा खांब उपटला. दुसऱ्याच्या शेतात वाकडं काम ठेवून कसं चालेल? मी टोकाला जाऊन डोळा मिटला आणि डावा हात वर केला. आता हा यंत्र बंद करेल, तणतणत येईल, मला बाजूला सारेल, म्हणून मी वाट बघत राहिले. ये रे दादा, मनात म्हणत होते, ये आणि भांड.

त्याने खांब डावीकडे घेतला. मी हात खाली केले. त्याने ठोकला.