आईची खुर्ची आणि डिंकवहिनी

माझ्या वहिनीच्या बोटांना कायम डिंक चिकटलेला असतो, म्हणून गल्लीत तिला सगळे डिंकवहिनी म्हणतात. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू ती उचलून आणते, नीट करते आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलंय तिथे विकते. कुणी घर बदलतंय असं कळलं, की सामान खाली यायच्या आधी वहिनी जिन्याशी हजर. भंगारवाल्याने हातोडा उगारला, तरी “थांबा हो भाऊ, अजून जीव आहे त्यात,” म्हणत ती त्याच्या हाताखालून शिलाई मशीन काढून आणते.

तिचा एक नियम आहे. नीट केलेली वस्तू आधी घरात वापरायची, मगच दुकानात ठेवायची. गिऱ्हाइकाला खोटं सांगायची वेळ येत नाही, असं ती म्हणते. देवाला घाबरून वागणारी बाई आहे. पण त्यामुळे दादाच्या घरात आज दिसलेली वस्तू उद्या दिसेलच असं नाही. दादा शर्टाची एक बाही इस्त्री करतो, तेवढ्यात इस्त्री विकली जाते. एकदा मी जेवायला गेले होते. भात वाढून घेतला आणि वहिनी म्हणाली, “वन्सं, जरा आटपा. टेबल न्यायला माणसं आलीत.” उरलेलं ताट मी मांडीवर घेऊन जेवले.

या उलथापालथीत एक आईची खुर्ची तेवढी जागची हलत नसे. वेताच्या पाठीची, बाबांनी कोरी करकरीत आणलेली. “लोकांनी टाकलेल्यावर मी बसायची नाही,” हे आईचं ठरलेलं. आणि तिच्या खुर्चीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा वहिनीने ही संधी साधली. सासूबाई परत येतील तेव्हा खूश होतील, म्हणून खुर्ची घासूनपुसून पॉलिश केली आणि वाळायला दुकानात ठेवली. मग ती सामान आणायला गेली आणि दुकानात बसला दादा. पॉलिशने रंग असा पालटला होता, की जन्मभर पाहिलेली खुर्ची त्याला ओळखू आली नाही. पॉलिशचा वास येतोय म्हणजे विकायचीच असणार, असा हिशोब करून त्याने ती मागच्या गल्लीतल्या टेलरबाईंना विकली. वर “घरात वापरून बघितलेली आहे, बिनधास्त न्या,” असंही सांगितलं.

वहिनीचा फोन मला आला. “आईंना एवढ्यात काही सांगू नका. मी घेऊन येते परत.” पण आईने माझा चेहरा पाहिला, फोन मागितला आणि सगळं ऐकून घेतलं.

“खुर्ची आली तर मी येईन,” ती शांतपणे म्हणाली. “नाही आली तर लेकीकडेच राहीन.”

तिकडे वहिनीला रडू फुटलं. इकडे माझ्या घरातले डबेसुद्धा आईच्या हुकमाने जागा बदलत होते. मी देवापुढे हात जोडले. ते वहिनीसाठी की माझ्यासाठी, हे त्यालाच ठाऊक.

वहिनी धावत टेलरबाईंकडे गेली. खुर्ची मशीनपुढेच होती, पण बसकी झालेली.

“मशीनला उंच पडत होती,” टेलरबाई म्हणाल्या. “म्हणून पाय कापले. एका बाजूला जरा जास्त कापले गेले, मग दुसरी बाजू कापली. मग परत पहिली.”

“झालं का सारखं?”

“झालं असतं, पण करवत बोथट झाली.”

वहिनीने घरातली एक चांगली खुर्ची त्यांना बदली दिली आणि आईची घरी आणली. पायांना तुकडे जोडायचा विचार तिने केला आणि सोडला. जोडलेल्या पायावर सासूला बसवायचं धाडस तिला होईना. तिने फोनवर आईला सरळ सांगून टाकलं, “आई, खुर्ची मिळालीय, पण पाय कापलेत. येऊन बघा, मग काय ते ठरवा.”

आईला घेऊन मी गेले. खुर्ची खोलीच्या मधोमध होती. दादा पेपर वाचत होता, उलटा धरून. आई बसली आणि खाली बघत राहिली. तिची दोन्ही पावलं जमिनीला टेकली होती. माझी आई बुटकी आहे. त्या खुर्चीत तिचे पाय इतकी वर्षं लोंबकळत होते, आणि बाबांनी हौसेने आणलेली म्हणून तिने कधी तक्रार केली नव्हती.

“सगळ्या गल्लीच्या खुर्च्या नीट करतेस,” आई वहिनीला म्हणाली. “माझे पाय कधी दिसले नाहीत का गं?”

“हात लावू दिला असतात तर दिसले असते.”

“मग आता लाव. डुगडुगतेय ही. हा डावीकडचा पाय जरा लांब राहिलाय.”

वहिनी डोळे पुसून पॉलिश पेपर घेऊन आली. “उठा जरा, आई.”

“मी नाही उठायची. मी उठले की तुम्ही विकाल.”

शेवटी दादाने आईसकट खुर्ची तिरकी धरली आणि वहिनीने खाली बसून पाय घासला.