तिच्या मेलबॉक्समध्ये जागा नव्हती

मंडळी, आज शिव्या द्यायच्या तर मलेच द्या.

गेल्या आठवड्यात आपल्या या ग्रुपवर मी विचारलं होतं, एकच मेल शेकडो वेळा आपोआप कशी पाठवायची. रिसालीच्या देशकर काकांनी नेहमीसारखा लगेच माझा कोड दुरुस्त करून दिला. मेल माफीची होती अन् कोणाला जाणार, हे मी लपवलं. मी कॉलेज सोडल्यापासून माझी तिथली मैत्रीण उत्तर देत नव्हती, माझं डोकं फिरलं होतं.

आज हुडको कॉलनीतल्या सायबर कॅफेत ती समोर आली. "तुझ्या माफीनं मेलबॉक्स भरला. पुण्याच्या कंपनीचं इंटरव्ह्यूचं पत्र परत गेलं. इंटरव्ह्यू काल होता, आज फोनवर कळलं."

काकांना फोन केला. सारं सांगितलं. ते म्हणाले, "मी कावून नाही विचारलं बेटा, कोणासाठी करून राहिला म्हणून?"

विचारलं असतं, तर मी खरं सांगितलं असतं? मले नाही वाटत. तुमाले?