आक्काच्या सत्कारात सोडलेली ओळ

हे लिहायचं मी दोन वर्षं टाळत आलोय. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. उलट गावोगावच्या भाषणांत अशा गोष्टींची मी टिंगलच केली आहे.

भाषणं... ती तरी माझी कुठं होती? मी निपाणी भागातला जुना राजकारणी. अलीकडे माझी भाषणं आणि पेपरातले लेख आमच्या ऑफिसातला संजू एआयकडून लिहून घ्यायचा. मी फक्त वाचायचो.

बोरगावात माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, पंचाहत्तरीचा सत्कार होता. तिच्याविषयीसुद्धा स्वतः लिहावं असं मला वाटलं नाही.

"अण्णा, आक्कांबद्दल काय घालू?"

"नाव, गाव, वय घाल. बाकीचं ते लिहितंय की."

"व्हय, तुमच्यापेक्षा बरं लिहितंय!" संजू हसला. मीही हसलो.

कागद मी थेट स्टेजवरच उघडला. आक्का समोर, पहिल्या रांगेत. दुसऱ्या पानावर ओळ होती — "तंबाखूला आग मी चोरून ओढलेल्या विडीनं लागली, आणि शाळा आक्काची सुटली."

ती ओळ मी मनातल्या मनात पुन्हा वाचली. लहानपणची गोष्ट. अंगणात वाळत घातलेला तंबाखू जळाला. आक्का नुकतीच चुलीतली राख टाकून आलेली, म्हणून वडिलांनी तिलाच धरलं आणि सातवीतून तिची शाळा बंद केली. मी गप्प राहिलो. पुढं कॉलेज शिकलो, पुढारी झालो. विडीचं मी कुणालाच... बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ती ओळ सोडून मी पुढचं वाचलं. टाळ्या पडल्या.

जेवताना आक्का हळूच म्हणाली, "शिवा, मधली एक ओळ सोडलास न्हवं रं?"

"कसली ओळ, आक्का?"

तिनं आपल्या ताटातली पोळी माझ्या ताटात सरकवली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जेव तू."

कागद स्टेजवरच राहिला होता, तो पुन्हा सापडला नाही. संजूच्या फोनमधल्या भाषणात ती ओळ नव्हती. माझी नजर चुकली म्हणावं, तर आक्काला कसं कळलं? आजवर मला उत्तर मिळालेलं नाही.

त्याच महिन्यात आक्का गेली. शोकसभेआधी संजूनं विचारलं, "अण्णा, भाषण काढू?"

"नको," म्हणालो. माइक हातात घेतला... आणि नुसता उभा राहिलो. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटेनात.

शब्द एवढेच होते — आक्का, ती आग माझ्या विडीची होती. मला माफ कर.