वन्संनी आखलेला बुधवार

माझ्या नणंदेनं एकतीस वर्षं बसडेपोत वेळापत्रकं बनवली. कुठली गाडी कधी सुटायची, कुठे किती मिनिटं थांबायची, चालकानं चहा कुठे प्यायचा, सगळं त्यांच्या पेन्सिलीतून ठरायचं. लोकांना वाटायचं, बस उशिरा येते ती चालकाच्या आळसामुळे. वन्सं म्हणायच्या, "चालक काय करणार बिचारा. ज्यानं कागदावर गाडी आखली तो थांबायला विसरला. धावायचा वेळ सगळेच धरतात, थांबायचा कुणी धरत नाही."

त्या एकाहत्तरच्या, मी अडुसष्टची. लग्न त्यांनी केलं नाही. माझं झालं, पण मूल झालं नाही. सहा वर्षांपूर्वी हे गेले आणि महिन्याभरात वन्सं दोन सुटकेस आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन माझ्या दोन खोल्यांत राहायला आल्या. "तुझ्या सोबतीला वगैरे नाही आले हं," दारातच म्हणाल्या. "माझ्या इमारतीची लिफ्ट बंद असते, आणि तू तळमजल्यावर राहतेस." त्यांची लिफ्ट चांगली चालू होती, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं.

मागच्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नंतर आठवड्यातून तीनदा व्यायामाला जायचे. वन्सं सोबत यायच्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर शब्दकोडं सोडवत बसायच्या. तिथल्या व्यायाम करून घेणाऱ्या बाई मोठ्या बोलक्या. पाय वाकवताना दुखतं, म्हणून पेशंटला गप्पांत गुंतवायच्या. एकदा म्हणाल्या, "आता काय, दोन महिन्यांत नातवंडांच्या मागे पळाल."

"नातवंडं नाहीत मला," मी म्हणाले. "मुलंच नाहीत."

बिचाऱ्या एकदम गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांना सावरावं म्हणून मी तोंडाला येईल ते बोलून गेले. "पण मनोरंजन पार्कातल्या त्या पाण्याच्या होडीत बसायचंय. ती उंच चढते आणि धबाककन खाली येते ना, तीच."

त्या हसल्या, मीही हसले. विषय तिथेच संपला असं मला वाटलं. कोपऱ्यात मात्र वन्संनी शब्दकोड्याच्या कडेला काहीतरी टिपून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पार्कला फोन लावून बसल्या. फोनचा आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय, त्यामुळे पलीकडचं सगळं मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "मोठे किती?"

"दोन."

"आणि मुलं?"

"एकही नाही."

"मुलांचा आकडा घातल्याशिवाय कॉम्प्युटर पुढचं पान उघडत नाही, मॅडम."

"मग शून्य घाला."

"शून्य घेत नाही तो."

वन्सं अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाई, मी एकतीस वर्षं शून्य प्रवाशांच्या गाड्यासुद्धा सोडल्या आहेत. तुमच्या साहेबांना द्या." साहेबांनी पाच मिनिटांत सगळं मार्गी लावलं. वर, साठीच्या पुढच्यांसाठी चाकाची खुर्ची फुकट मिळते आणि बुधवारी शाळांच्या सहली नसतात, एवढी माहितीही पुरवली.

तिथून पुढे तीन आठवडे आमच्या घराचा डेपो झाला होता. पहिले दोन दिवस वन्संनी मला काठी घेऊन बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारायला लावल्या आणि घड्याळ घेऊन बसल्या. "शंभर पावलांना दोन मिनिटं. तीनशे पावलांपर्यंत ठीक. त्यानंतर तू बोलायची बंद होतेस," असा त्यांनी निकाल दिला. मग डॉक्टरांकडून होडीत बसायची परवानगी त्यांनी लेखी घेतली. डॉक्टर म्हणाले, तोंडी सांगितलं तरी चालेल. वन्सं म्हणाल्या, "तुम्हाला चालेल हो."

नंतर त्या एकट्याच पार्क बघून आल्या. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या खेपेला परत आल्या तेव्हा वहीची आठ पानं भरली होती. बाकं एकूण एक्केचाळीस, पैकी पाठ टेकायला येते अशी सतरा, आणि त्यातलीही सावलीत अकरा. स्वच्छतागृहं सहा, पण पायऱ्या नसलेली दोनच. नाटकाच्या तंबूत डाव्या बाजूनं शिरलं तर चढ लागत नाही. दुपारी दोन ते तीन गारव्याचं ठिकाण म्हणजे मत्स्यालय. होडीत चढायची पायरी अमुक इतकी उंच, असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला पाट आणून माझ्यापुढे ठेवला आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर चढण्या-उतरण्याचा सराव लावला.

"होडी पूर्ण थांबत नाही. सरकत असतानाच चढावं लागतं," त्या म्हणाल्या. "पण मी तिथल्या माणसाशी बोलले. सांगितलं तर थांबवतो. बुधवारी त्याचीच पाळी आहे."

"अहो वन्सं, एवढं कशाला?" मी म्हणाले. "मी आपली सहज बोलले होते."

"सहज बोललीस म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करायला लागल्या.

जायला चार दिवस असताना माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. शेजारणीकडून तिला कळलं होतं. आधी हसली, मग म्हणाली, "दोघीच जाऊन तिथे काय करणार? आमच्या नातवाला घेऊन जा की. त्याचाही दिवस जाईल, आणि तुम्हालाही बरं दिसेल."

बरं दिसेल, या शब्दापाशी मी अडखळले. खरं सांगायचं तर मी हो म्हणायच्या बेतात होते. अशा वेळी हो म्हणायची माझ्या जिभेला जुनीच सवय. त्या पार्कात मी याआधी चार वेळा जाऊन आले होते. जावेची मुलं लहान असताना दोनदा, माझ्या भावाच्या मुलीबरोबर एकदा, आणि एकदा ह्यांच्या ऑफिसच्या सहलीत. चारही वेळा दिवसभर एकाच बाकावर बसले होते. सगळ्यांच्या पिशव्या, चपला, ओले टॉवेल आणि अर्धी खाल्लेली बिस्किटं माझ्यापाशी. "तुम्हाला कुठे पोरं सांभाळायची आहेत, तुम्ही आपल्या निवांत बसा," असं प्रत्येक जण प्रेमानं सांगून जायचा. कुणाचा हेतू वाईट नव्हता. ते बाक नेमकं होडीच्या उतारासमोर होतं. लोक वरून ओरडत यायचे, चिंब होऊन उतरायचे, आणि माझ्याकडून टॉवेल घ्यायचे.

हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण ऑफिसच्या सहलीच्या वेळी वन्सं आमच्याबरोबर होत्या. त्यांनी पाहिलं असणार.

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "हे बघ," जावेला म्हणाल्या, "नातवाला पुढच्या महिन्यात नेऊ. नक्की नेऊ, पिशव्या मी सांभाळीन. हा बुधवार मात्र आमचा दोघींचा आहे." जाऊ जरा नाराज झाली, पण दोन दिवसांनी तिनंच तिची उन्हाची मोठी टोपी मला पाठवून दिली.

बुधवारी आम्ही दार उघडायच्या वेळेला पोहोचलो. पिशवी दाराजवळच्या भाड्याच्या कपाटात ठेवून किल्ली वन्संनी गळ्यात अडकवली. वही हातात. सकाळ अगदी घड्याळाबरहुकूम गेली. छोट्या आगगाडीतून एक फेरी, मग सावलीतलं बाक, मग आरशांची खोली. तिथे वन्सं एका आरशात इतक्या बुटक्या आणि रुंद दिसल्या की मला हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "डेपोतले लोक मला असंच बघायचे." पाठ असलेल्या बाकावर बसून आम्ही उकडलेली अंडी आणि ब्रेड खाल्ला. तीनशे पावलांच्या पुढे मला एकदाही चालावं लागलं नाही.

मत्स्यालयातून बाहेर पडलो आणि वन्सं एकाएकी भिंतीला टेकल्या. चेहरा पांढरा पडलेला. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, बूट चावतोय." बूट काढून बघते तर दोन्ही टाचांना फोड. मी वही उघडली. माझ्या नावापुढे दर वीस मिनिटांनी थांबा. वन्संच्या नावापुढे एकही नाही. मी बसायची तेव्हा त्या पाणी आणायला, दार बघायला, रांग किती ते मोजायला जात होत्या. त्याआधी दोनदा त्यांनी तो पार्क पायाखाली घातला होता, तो वेगळाच.

"वन्सं, थांबायचा वेळ धरायला कोण विसरलं?" मी विचारलं.

"मी," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चूक इतक्या झटकन कबूल केली.

मी जाऊन फुकटातली चाकाची खुर्ची आणली. त्या बसायला तयार होईनात, पण टाचा त्यांचं काही चालू देईनात. खुर्ची ढकलताना माझ्या लक्षात आलं की आपल्याला काठीपेक्षा हीच सोयीची आहे. दोन्ही हातांना आधार. अशा थाटात आम्ही होडीपाशी गेलो.

रांग छोटीच होती. मी वही पुन्हा उघडली, पुढे काय करायचं ते बघायला. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "होडी. वहिनी आत. मी बाकावर. काठी आणि चष्मा माझ्याकडे."

मी ती ओळ दोनदा वाचली. या बाईनं एक्केचाळीस बाकं मोजली ती मला उठवायला, आणि त्यातलं एक स्वतःसाठी राखून ठेवलं.

"तुम्ही का नाही येणार?" मी विचारलं.

"कुणीतरी वस्तू धरायला नको?"

"नको," मी म्हणाले. "आज बाकावर कुणीही बसायचं नाही."

मी सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात फ्रेमी बसवल्या. तिथली एक गोष्ट माझ्या पर्समध्ये कायम असते, चष्म्याला लावायच्या रबरी दोऱ्या. दोन काढल्या. एक माझ्या चष्म्याला अडकवली आणि एक वन्संच्या, त्यांच्या डोक्यामागे नीट आवळून. होडीवाला पन्नाशीचा, जाड भुवयांचा माणूस. त्यानं वन्संना ओळखलं. "पायरी मोजून गेलेल्या बाई तुम्हीच ना?" म्हणाला. काठी त्यानं आपल्या खुर्चीला लावून ठेवली, चाकाची खुर्ची बाजूला घेतली आणि हात वर करून होडी पुरती थांबवली. मागच्या रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही. त्यानं आधी मला हात दिला, मग वन्संना.

होडी खडखडत वर चढत गेली. वर पोहोचल्यावर सगळा पार्क दिसला, झाडं, तंबू, आणि खाली ते बाक. त्यावर तेव्हा कुणीच नव्हतं. वन्संनी माझं मनगट पकडलं, वेळापत्रकाची पेन्सिल धरतात तसं घट्ट. मग आम्ही खाली गेलो. मी ओरडले का, मला आठवत नाही. पाणी तोंडावर, केसांत, कानांत, सगळीकडे. थांबलो तेव्हा वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या आणि हळूच म्हणाल्या, "अकरा सेकंद. मी नऊ लिहिले होते."

"म्हणजे तुम्ही चुकलात?" मी विचारलं.

"खात्री करायला हवी," त्या म्हणाल्या. होडीवाल्यानं आम्हाला उतरवलंच नाही, तसंच पुन्हा वर सोडलं.

त्या संध्याकाळी घरी मी टबात कोमट मिठाचं पाणी काढलं आणि त्यांचे पाय त्यात सोडायला लावले. आमच्या घरात आभार मानायची रीत नाही. हे असतानाही नव्हती. मी खाली पाटावर बसून त्यांच्या टाचा पुसत राहिले. दोनदा त्या "पुरे आता" म्हणाल्या, पण पाय काही त्यांनी ओढून घेतले नाहीत. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "माझ्या मनात नव्हतं हो, मीही बसेन म्हणून."

"माहीत आहे," मी म्हणाले. "वाचलं मी."

माझ्यावर माया करणारी माणसं मला खूप भेटली. तुला स्वतःला काय हवंय, हे मात्र कुणी धरून बसलं नाही. मीही सांगितलं नाही, तेव्हा दोष कुणाचाच नाही. पण सहज तोंडून निसटलेलं एक वाक्य कुणीतरी उचलून वहीत लिहावं, याचं मोल मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. कळलं तरी पुरेसं आहे.

व्यायामाच्या बाईंना आम्ही सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती आणखी दोघा-चौघांना सांगितली. आता बुधवार जवळ आला की वन्संचा फोन वाजतो, आमचाही दिवस आखून द्या म्हणून. सगळी माणसं आमच्यासारखीच, सोबत लहान मूल नाही म्हणून पार्काच्या दाराशी बिचकणारी. वन्सं प्रत्येकाला आधी विचारतात, "तुम्हाला काय करायचंय?" कुणी "काहीही चालेल" म्हणालं तर फोन ठेवतात आणि पुन्हा लावतात. या खेपेला एक निवृत्त लेथ कामगार येणार आहेत. त्यांना दिवसभर फक्त छोट्या आगगाडीतच बसायचंय. त्यात आखण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून वन्सं सकाळपासून जरा घुश्शात आहेत.