मापासाठी उभी राहिलेली बाई

भंडारदऱ्याजवळच्या एका गावात, अभयारण्याच्या माहिती केंद्रात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता, हे डोंगर कसे झाले. नगरच्या कॉलेजात मी भूशास्त्र शिकवते. असल्या भाषणांची मला सवय आहे आणि खरं सांगायचं तर हौसही. रविवारी सकाळी पन्नासेक माणसं सतरंज्यांवर बसली होती. पर्यटक थोडे, आसपासच्या वाड्यांमधली माणसंच जास्त.

सुरुवात चांगली झाली. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला, थंड झाला, त्यावर पुन्हा आला आणि असे थरावर थर बसून हे कडे उभे राहिले, ते मी सांगितलं. दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो, झरे बऱ्याचदा तिथेच का फुटतात, हे सांगितल्यावर म्हाताऱ्या बायका माना डोलवायला लागल्या. त्यांनी जन्मभर तिथलंच पाणी भरलं होतं. मला बरं वाटलं.

मग डोंगर झिजतात कसे, याकडे वळले आणि पडद्यावर एक फोटो लावला. कड्यातली उभी भेग, तिच्यात शिरलेली मुळं आणि शेजारी उभी एक बाई. भेग केवढी आहे ते कळावं म्हणून आम्ही एरवी हातोडी ठेवतो. ही भेग फार उंच होती, म्हणून बाईलाच उभं केलं होतं.

मागच्या रांगेत एक माणूस उठला. पन्नाशीचा असेल. टोपी हातात धरलेली.

"मॅडम, ही आमची मंडळी हाय."

मी हसून म्हटलं, "अरे वा. त्याही आल्यात का?"

कोणी हसलं नाही. पुढे बसलेल्या बाईने पदर तोंडाला लावला.

"ती न्हाई आता," तो म्हणाला. "त्योच दगड आला घरावर. गेल्या आषाढात. मी खाली खाचरात हुतो, भाताची आवनी चालू हुती. ती भाकरी आनाया घरी गेल्ती. आवाज झाला म्हून वर बघितलं, तर घरच दिसंना."

मी रिमोट हातात घेऊन तशीच उभी राहिले. पुढचा फोटो लावावा की हाच ठेवावा, कळेना.

तीन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी कड्याखालच्या त्या वाडीत गेले होते. बाई गवताचा भारा उतरवून आमच्यासाठी पाणी घेऊन आली. मीच तिला म्हटलं, जरा त्या भेगेपाशी उभ्या राहता का. ती लाजली, पदर सारखा केला आणि उभी राहिली. फोटो झाल्यावर तिने विचारलं होतं, "ही चीर वाढती का हो? पडंल का त्यो दगड?" मी मुलांना मुळांबद्दल, भेगेत मुरणाऱ्या पाण्याबद्दल समजावत होते. मान वळवून तिला म्हणाले, "पडेल कधीतरी. पण अशा गोष्टींना हजारो वर्षं लागतात." मुलं वहीत लिहीत होती. खाली तिच्या घराचं छप्पर दिसत होतं.

"फोटो तुमीच काढला का?" त्याने विचारलं.

"हो."

"मंग त्या बाई तुमीच." त्याचा आवाज चढला नाही. "मी घर हलवायचं म्हनत हुतो. खाली भावाची जागा हाय. ही म्हनायची, कालेजच्या बाई सांगून गेल्यात, हजार वर्षं लागत्यात. लई इश्वास हुता तिचा."

मला सुटका करून घेता आली असती. दगड कधी पडेल हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. मी म्हणाले, "मी चुकीचं बोलले. घर हलवा म्हणायला हवं होतं. मला भेग दिसली होती, घरही दिसलं होतं."

संयोजक पुढे येऊन पडदा बंद करायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "थोडा येळ ऱ्हाऊ द्या. तिचा एवढा चांगला फोटो आमच्याकडं न्हाई."

सगळे बसून राहिले. व्याख्यान तिथेच संपलं.

पंधरा दिवसांनी मी राजूरला उतरून त्याच्याकडे गेले. तो आता भावाच्या जागेत, पत्र्याच्या खोलीत राहतो. मी दोन फोटो नेले होते: एक पूर्ण, एक नुसता तिचा चेहरा मोठा केलेला. चेहऱ्याचा त्याने ठेवून घेतला. दुसरा बराच वेळ बघून माझ्या हातात परत दिला.

"ह्यो तुमच्याकडंच असू द्या. पोरांना शिकवाया लागंल."

त्यात टोमणा होता की नव्हता, मला आजही ठरवता येत नाही. त्याची मुलगी चहा करत होती. मी दिसल्यावर तिने गॅस बंद केला आणि मागच्या दाराने बाहेर निघून गेली. त्याने उठून स्वतः चहा गाळला, मला दिला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन कड्याखालच्या वाड्यांतून फिरते. भेगा दाखवते, तहसील कार्यालयात अर्ज देते. दोन कुटुंबं खाली राहायला आली, बाकीची अजून वरच आहेत. त्याच्या वाडीत गेले की तो रामराम घालतो, सोबत कड्यापर्यंत येतो. मुलगी अजून माझ्याशी बोललेली नाही. तिने बोलावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?