शेवटच्या बागेचं पाणी

आमच्या गावचा मीराब, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा जोल्दोश, हिवाळ्यात वारला आणि त्याचं फावडं त्याच्या बायकोनं, बुरुलनं, उचललं. गावानं हो म्हटलं, कारण दुसरं कुणी ते काम घ्यायला तयार नव्हतं. बाई तोंडानं तिखट, पण कुणाची बाग कोरडी राहिली तर तिला घास गोड लागायचा नाही.

शुक्रवारी वरून पाणी सुटणार होतं. त्याआधी घरटी एक माणूस येऊन पाटातला गाळ काढायचा. सोमवारी आम्ही माझ्या अंगणात जमलो आणि चहा प्यायलो. मंगळवारीही तेच. गावातल्या सगळ्यांत थोरल्या मुरातअली आबांनी हात उचलून आशीर्वाद दिल्याशिवाय फावडं मातीला लावायचं नाही ही आमची रीत, आणि आबांचा पत्ता नाही. नमनालाच घडाभर तेल!

"भावजी, पाणी काही तुमच्या चहासाठी थांबायचं नाही," बुरुल म्हणाली.

"वहिनी, घाई सैतानाची," मी म्हणालो. सगळे हसले.

माझी बाग वरच्या अंगाला, मला काय! अगदी टोकाला तिची बाग. मीराबनं आपलं पाणी सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं असतं. तिथं जोल्दोशनं जाण्याआधी लावलेली जर्दाळूची चाळीस रोपं होती. गाळ तसाच राहिला तर पाणी तिथवर पोचायचं नाही; ही पाळी हुकली तर पुढची पंधरा दिवसांनी, आणि तोवर रोपं तगली नसती. हे तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही. आम्हाला ते ठाऊक होतं, तरी आम्ही किटली पुन्हा भरली.

बुधवारी ती चहाला आलीच नाही. शोधत गेलो तर बाई पाटाच्या टोकाला गुडघाभर गाळात, एकटी, फावडं चालवतेय. तेही आशीर्वादाशिवाय! आबांना बोलवायला जाणं म्हणजे वडीलधाऱ्याला घाई करणं, म्हणून तीन दिवस कुणी गेलं नव्हतं. चहाडी सांगायला मात्र एकजण पळत गेला.

आबा काठी आपटत आले. "सूनबाई, मला न विचारता?"

"आबा, हे सगळे तीन दिवस तुमचीच वाट बघतायत."

"माझी? अरे, मी रोज सकाळपासून टोपी घालून खिडकीत बसतोय! पाटावर तुमचा कलकलाट ऐकू आला की निघणार होतो. रिकाम्या पाटावर म्हाताऱ्यानं आधी येऊन उभं राहायचं होय रे?"

आम्ही सगळे खाली बघायला लागलो.

आबांची नजर रोपांवर गेली. "जोल्दोशची?"

तिनं मान हलवली. आबांनी तिथंच हात उचलले. एरवी त्यांचा आशीर्वाद चहा गार होईपर्यंत चालतो. त्या दिवशी म्हणाले, "लागा कामाला, नालायकांनो."

दोन दिवस आम्ही पाठ सरळ केली नाही. शुक्रवारी पाणी आलं, आधी माझ्याकडे. संध्याकाळी मी टोकाला गेलो. बुरुल आपल्या बांधाशी उभी होती.

"सगळ्यांचं झालं ना?"

"झालं, वहिनी."

तिनं नवऱ्याचं फावडं माझ्या हातात दिलं. "मग फोडा बांध, भावजी. मला सैतानाची घाई आहे."

मी बांध फोडला. पाणी चाळिसाव्या रोपापर्यंत पोचेस्तोवर मला मान वर करवली नाही.