‘नुसती पडून होती’ ती डिस्क

आज सकाळी वहिनीच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली. मी निश्चिंत होते. सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवणारं बॅकअप सॉफ्टवेअर मीच बसवून दिलं होतं. वहिनी जिंतूरच्या कॉलेजात शिकवते. वालूर आणि बोरीकडच्या कापूस वेचणाऱ्या बायांच्या मुलाखती, म्हणजे तिची सगळी पीएचडी, त्यात होती.

बॅकअपची डिस्क जोडली. आत चुलतभावाच्या लग्नाचं शूटिंग निघालं.

दादा म्हणाला, "शूटिंगवाला कोरी डिस्क मागायला होता. ही नुसती पडून होती, दिली."

"वर पट्टी होती दादा. ‘वहिनीचं काम, पुसू नये.’"

"वाचली की. पण कॉम्प्युटरमधी होतं ना सगळं. एकच गोष्ट दोन-दोनदा कशाला ठेवायची?"

आई म्हणाली, "जाऊ दे बाई, लग्न तरी राह्यलं."

दुपारभर मी रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. फाइलींची नावं परत आली: सरूबाई, गयाबाई, रजियाबी. आवाज एकीचाही आला नाही, कारण त्या जागेवर आता वरात भरली आहे. वहिनीने एकेक नाव उघडून पाहिलं. "गयाबाई उन्हाळ्यात गेल्या," एवढंच बोलली.

संध्याकाळी दादा माझ्याकडे आला. "हे लग्न दुसऱ्या डिस्कवर बी घेऊन ठेव. ही बंद पडली तर?"

तुम्ही त्याला काय उत्तर दिलं असतं?